मर्लची बाजू

११ जून, व्हायला

नर्सबाई म्हणाली होती रोज थोडं लिहीत जा, मनात येईल ते, कुणाला दाखवायचं नाही. मी नववीतच शाळा सोडली, माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालल्यासारखं. पण वाचणार मीच, म्हणून लिहिते.

आज व्हायला गावातलं घर सोडलं. सामान ब्रोडीच्या आईच्या शेडमध्ये टाकलं. ब्रोडीला पार पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्सच्या बंदरावर काम मिळालंय, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं. तोवर समुद्राच्या कडेकडेनं जायचं. लग्नाच्या वेळी म्हणाला होता नेईन, तेव्हा पैसे नव्हते, मग विनी झाली, मग माझं ते झालं. आता म्हणतो, घे, नेतोय.

गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या क्लॅरीकडून घेतली. त्याची बायको मर्ल मागच्या हिवाळ्यात गेली, तेव्हापासून कॅरॅव्हॅन अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. पडदे मर्लनं शिवलेले, पिवळे, त्यावर पोपट. क्लॅरीनं सगळं दाखवलं. गॅस कुठे लावायचा, वीज नसेल तिथे फ्रीज गॅसवर कसा घ्यायचा, पाणी कुठून भरायचं. आणि टेप. हे तो दोनदा बोलला. कच्चा रस्ता लागायच्या आधी हवा यायच्या सगळ्या जाळ्या बाहेरून टेप लावून बंद करायच्या, नाहीतर ती पांढरी धूळ पिठासारखी आत येते आणि महिनाभर दातात करकरते. मुक्कामाला पोचलं की टेप काढायची.

"पण वारा गार असला तर मी राहू द्यायचो," तो म्हणाला. "मर्लला वारा सोसत नसे."

मग मी न विचारताच त्यानं सांगितलं की ती याच पलंगावर गेली. खिडकीकडची बाजू तिची. थंडी फार होती, त्यानं आदल्या संध्याकाळी सगळं घट्ट बंद करून दिलं. पहाटे हा मासे धरायला गेला, डोकं जड होतं, वाटलं रात्रीची वाईन. परत येऊन चहा केला, तिला द्यायला गेला तर संपलेली. डॉक्टर म्हणाले हृदय.

"सुखानं गेली, पोरी. गाल असे गुलाबी, लग्नात होते तसे."

त्याचे डोळे भरले. मी विनीला त्याच्या हातात दिलं थोडा वेळ.

ब्रोडी गाडीत म्हणाला, म्हाताऱ्यानं हे व्यवहार ठरल्यावर सांगितलं, हुशार आहे.

१४ जून, एलिस्टन

कॅरॅव्हॅन पार्क, भाडं भरून गाडी लावायची जागा. वीज आहे, गरम पाणी आहे. विनी रात्री सारखी उठते, मी पण. ब्रोडी घोरतो. सकाळी डोळे चुरचुरतात पण मन बरं आहे. खडकावर बसून चिप्स खाल्ल्या, सीगल पक्ष्यानं ब्रोडीच्या हातातून एक नेली, तो त्याच्यामागे पळाला. मी खूप दिवसांनी एवढी हसले.

१७ जून

पार्क नाही. कच्च्या रस्त्यानं आत येऊन वाळूच्या टेकाडामागे उभे आहोत. इथे आमच्याशिवाय कुणी नाही. ब्रोडीनं निघताना सगळ्या जाळ्यांना टेप लावली, क्लॅरीसारखीच, कोपरे नखानं दाबून. तरी थोडी धूळ आली आणि विनी खोकायला लागली. तो टेप काढायला निघाला तर मीच म्हटलं राहू दे, वारा सुटलाय, अजून धूळ येईल. तो म्हणाला बरं, मर्ल बाईसाहेब.

व्हाइटिंग मासे मिळाले, लोण्यात तळले. शेगडी जेवण झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवली, ऊब छान येते.

१८ जून

विनी रात्रभर झोपली! एकदाही उठली नाही. जन्मल्यापासून पहिल्यांदा. सकाळी मीच तिला हलवून उठवलं. गाल लालबुंद, बाहुलीसारखे. ब्रोडी म्हणाला समुद्राची हवा लागली पोरीला.

माझं डोकं दुखतंय. आणि एक गोष्ट लिहू की नको असं झालंय.

उजाडताना जाग आली तेव्हा पायाशी कुणीतरी बसलं होतं. माझी पाठ वळलेली, पण गादी खाली गेलेली कळली. आणि गुणगुणल्यासारखा आवाज, शब्द नाहीत, नुसता सूर. मला हात हलवता येईना. मग सूर थांबला आणि गादी वर आली.

वारा असेल.

१९ जून

परत.

२० जून

आज सांगितलं ब्रोडीला. सगळं नाही. म्हटलं मला वाटतं मर्ल इथे आहे. तो आधी हसला. म्हणाला राहू दे की, म्हातारीला म्हणावं निम्मं पेट्रोल तू भर. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. त्यानं विचारलं गोळ्या घेतेयस ना. घेतेय. तो म्हणाला नक्की? मी डबी दाखवली.

त्याला काय वाटलं ते मला माहीत आहे. विनी झाल्यावर मी झोपतच नव्हते, मला वाटायचं हे माझं बाळ नाही, कुणीतरी बदललंय. तेव्हा विनीला ब्रोडीच्या आईनं नेलं होतं, मी बरी होईपर्यंत. निघायच्या दिवशी भांडी विसळता विसळता ती मला म्हणाली, टेगन, परत तसं झालं तर या वेळी मी तिला परत देणार नाही. रागानं नाही बोलली. चमचे मोज म्हणावं तसं बोलली.

म्हणून मी आता गप्प बसायचं ठरवलंय.

ब्रोडीला सकाळी दोनदा उलटी झाली. म्हणतो ऑयस्टरचे शिंपले बाधले. मी ऑयस्टर खाल्ले नव्हते, तरी मलाही मळमळतंय. वाळूत तासभर चाललो तर दोघांनाही बरं वाटलं. विनी बाहेर खिदळत होती, आत नेली की रडते. दारातच माझा केस धरून ओढते, नको नको करते. पोरांना मोठ्यांना दिसत नाही ते दिसतं म्हणतात. मी तिला घट्ट धरून आत नेते आणि मला लाज वाटते.

२२ जून, सेडुना

पार्कमध्ये आलो. वीज लावली. कपडे धुतले, दूध आणलं, टेप काढली, कॅरॅव्हॅन झाडली.

मर्ल आली नाही. विनी मात्र नेहमीसारखी उठत राहिली.

एलिस्टनला पण आली नव्हती. वीज असते तिथे ती येत नाही. दिव्यांना भीत असेल, नाहीतर माणसांना. हे कळल्यावर मला थोडं बरं वाटलं, निदान काहीतरी नियम आहे.

धुवायच्या खोलीमागे ब्रोडी आईशी फोनवर बोलत होता, त्याला माहीत नव्हतं मी आत आहे. म्हणाला, अगं नाही, तसं नाही, पण जरा लक्ष ठेवावं लागतंय. मग बराच वेळ हं हं केलं. मग म्हणाला, एस्परन्सला पोचलो की बघू, लागलं तर तू ये तिकडे.

मी ओले कपडे पोटाशी धरून उभी. बाहेर आले तेव्हा पुढून सगळी भिजलेली. तो म्हणाला हे काय गं. म्हटलं नळ उडाला.

मी त्याला म्हटलं आपण पार्कपार्कनंच जाऊ या का. तो म्हणाला पार्कमध्ये राहायचं होतं तर व्हायलातच राहिलो असतो की.

२५ जून, फाउलर्स बे

गावापासून दूर उभे आहोत, ब्रोडीला गर्दी नको. वाळूची टेकडी केवढी, घरांवर चाल करून आल्यासारखी. एका कुंपणाचे नुसते खांबांचे शेंडे दिसतात.

इथंच कुठेतरी मर्ल गेली. क्लॅरीनं जागेचं नाव घेतलं होतं. ब्रोडी विसरलाय. मी आठवण केली नाही.

पहाटे ती उभी होती. या वेळी मी पाहिली. लोकरीचा जुना झगा, केस पातळ, तोंड दिसलं नाही कारण ती विनीवर वाकलेली होती. विनी माझ्या कुशीत, खिडकीच्या बाजूला. मर्लनं तिच्या नाकापाशी हात नेला, आपण श्वास बघायला नेतो तसा. मी ओरडले असं मला वाटलं पण आवाज निघालाच नाही. डोळे जड, परत मिटले. जाग आली तेव्हा ऊन होतं आणि विनी झोपलेलीच. हलवली, परत हलवली, गालावर पाणी मारलं तेव्हा कुठे उठली. नजर कुठेतरी लांब.

तिला विनी हवीय. तिला पोरंबाळं नव्हती, क्लॅरीनंच सांगितलं होतं.

ती आत कुठून येते ते मी शोधलं. दाराला खाली हवेची जाळी आहे, तिथून शिट्टी वाजते, गुणगुण तीच. काल उशिरा पोचलो, बाहेरची टेप ब्रोडीनं आज सकाळी काढली होती. तो मासे धरायला गेला तेव्हा मी आतून लावली. दाराची जाळी, ओट्याखालची, छताची, एकेक पट्टीवर दुसरी पट्टी. खालच्या जाळ्यांवर चटई ओढली म्हणजे त्याला दिसायचं नाही, छताकडे तो बघत नाही. खिडकीच्या फटीला पण लावली, पडद्यामागे.

झाल्यावर शांत वाटलं. दार लावून आत बसल्यावर वाऱ्याचा आवाजच नाही. कानात कापूस घातल्यासारखं.

२७ जून, कड्यावर

इथे जमीन संपते. खरंच संपते, चाकूनं कापल्यासारखी, आणि खाली समुद्र. मी विनीला घेऊन कड्याकडे जात नाही. लांबूनच देवमासे पाहिले, मायलेकरू होतं, आई नुसती पडून आणि पिल्लू तिच्या पाठीवर चढतंय.

शेजारी अजून एक कॅरॅव्हॅन आहे, ग्लेनिस नावाची बाई, साठीची, एकटीच फिरते, बरोबर तीन पायांचं कुत्रं. संध्याकाळी सॉसेज भाजले, तिला बोलावलं. तिनं विनीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ही नेहमी इतकी सुस्त असते का गं?"

मी म्हटलं नाही, शहाणी झालीय, रात्रभर झोपते आता.

ती म्हणाली, "आणि तू? तुझा रंग बघ. तुम्ही दोघं जणू तीन दिवस पिऊन उठलायत."

ब्रोडी म्हणाला बायकोनं मला प्यायला लावलं. सगळे हसलो. ग्लेनिस हसली पण माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं हिला सांगावं. पण सांगितलं असतं तर तिनंही ब्रोडीकडे तसंच बघितलं असतं, त्या नजरेनं, की बिचारा.

गार वारा आहे. चटईखाली टेप आहे ना ते परत चाचपलं. दाराच्या फटीला टॉवेल पण कोंबला. ब्रोडीनं विचारलं हा कशाला, म्हटलं विनीला वारा लागतो. तो म्हणाला बरं. त्याचंही डोकं दुखत होतं, लवकर आडवा झाला. शेगडी चालू ठेवलीय थोडा वेळ. आज ती यायची नाही.

३० जून, सेडुना, दवाखाना

हात अजून जड आहेत. हळूहळू लिहिते.

त्या पहाटे ती आली. मला आधी वाटलं मी आत कोंडलंय तिला. ती विनीकडे वाकली नाही. ती गुडघ्यावर पलंगावर चढून खिडकीशी होती आणि पडद्यामागची माझी टेप नखांनी ओढत होती. नखं घासल्याचा आवाज येत होता. मला वाटलं आता ही खिडकी उघडून माझ्या पोरीला बाहेर नेणार, कड्याकडे. मी विनीला ओढलं. तिची मान अशी मागे पडली. पाय माझे नव्हतेच. मी पलंगावरून पडले, तिला पोटाशी धरून रांगत दाराशी गेले, टॉवेल ओढला, कडी काढली आणि दोघी पायरीवरून खाली मातीत पडलो.

थंड हवा तोंडावर आपटली. मी तिला हलवतेय, हलवतेय. मग तिनं एकदम श्वास ओढला, ओकली आणि रडायला लागली. एवढं गोड रडणं मी ऐकलं नाही कधी.

मी ब्रोडीला हाका मारल्या. तो आला नाही. कुत्रं भुंकायला लागलं, ग्लेनिस धावत आली, अंगावर नुसता शर्ट. ती आत शिरली आणि लगेच मागे येऊन तोंडावर बाही धरून परत गेली. ब्रोडीला काखेत धरून ओढलं तिनं, एवढीशी बाई, पायरीवर त्याचं डोकं आपटलं तरी ओढत राहिली. मला म्हणाली, "बाळाला वाऱ्यात धर, तोंड वाऱ्याकडे. रडू दे तिला."

तिच्याच गाडीतून आलो. अर्ध्या वाटेत रुग्णवाहिका भेटली. विनीच्या तोंडाला एवढासा मास्क. तिला तो ओढून काढायचा होता, नर्स म्हणाली भांडतेय म्हणजे चांगलं आहे.

ब्रोडीला काल शुद्ध आली. डोक्याला टाके आहेत. पहिलं म्हणाला, विनी? मग म्हणाला, कुणी मारलं मला.

२ जुलै

डॉक्टरबाईंनी समजावलं. फ्रीज गॅसवर चालतो तेव्हा त्याचा धूर बाहेर जायला मागे नळी असते. ती आमच्या फ्रीजची तडकलेली होती, धूर आत यायचा. त्याला रंग नाही, वास नाही. जाळ्या उघड्या असतात तेव्हा निघून जातो. बंद केल्या की साठतो. शेगडीचा पण. माणूस झोपेतच जातं. विजेवर फ्रीज असला की धूरच नाही.

म्हणजे दिव्यांना ती भीत नव्हती.

डोकेदुखी, उलटी, सुस्ती, सगळं त्यानंच. विनीचे लाल गालही त्यानंच. आणि भासही होतात, त्या म्हणाल्या, माणसं दिसतात, आवाज येतात. तुम्हाला वेड लागलेलं नाही. हे त्यांनी ब्रोडीसमोर सांगितलं. मी त्यांना अजून एकदा सांगा म्हटलं, तर त्यांनी सांगितलं.

ब्रोडी रडला. म्हणाला मी आईला काय काय बोललो तुझ्याबद्दल. मी म्हटलं टेप मीच लावली होती, चटईखाली. तो म्हणाला माहीत आहे, ग्लेनिसनं काढली ती.  विनी त्याच्या टाक्यांना हात लावत होती.

आईचा फोन आला होता त्याच्या. त्यानं सांगितलं, आई, टेगन नसती तर आम्ही दोघं नसतो. तिकडून ती काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

मला एवढंच कळत नाही. भास होता तर बरं, भास होता. पण मी तिला बाहेर ठेवायला टेप लावली आणि ती आतून टेप काढत होती. हे डॉक्टरबाईंना विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. आता कुठे शहाणी ठरलेय.

४ जुलै, सेडुना, पार्क

आमची गाडी आणि कॅरॅव्हॅन ग्लेनिसनं माणूस लावून कड्यावरून आणवली. ब्रोडीनं तो फ्रीज काढून टाकला. त्या जागी बर्फाची पेटी ठेवलीय. सगळ्या जाळ्या धुतल्या, टेपचा रोल कचऱ्यात. ग्लेनिस पुढे गेली, कुत्र्याचा पंजा विनीच्या हातात देऊन. आम्ही परवा निघणार, डांबरी रस्त्यानं.

दोन रात्री कॅरॅव्हॅनमध्येच झोपलो, खिडकी उघडी टाकून. गारठलो. विनी सारखी उठली. मर्ल नाही आली. गादीची ती कड वर होती तशीच. खरं सांगायचं तर मी वाट पाहिली थोडी. ब्रोडीला म्हटलं, ती गेली बहुतेक घरी.

आज क्लॅरीला फोन केला. मलाच सुचलं. म्हटलं म्हाताऱ्याला कळायला हवं, नाहीतर तो अजून कुणाला तरी ती टेपची युक्ती शिकवायचा. त्याला खूप आनंद झाला माझा आवाज ऐकून. मासे मिळतात का, पोपट फिके पडले का, पडद्यांवरचे. मी सगळं सांगितलं. फ्रीजची नळी, धूर, टेप, कड्यावरची पहाट. मर्लचं नाही सांगितलं, त्याला वाईट वाटेल म्हणून. म्हटलं आम्ही सगळे बरे आहोत, तुम्ही काळजी करू नका.

मला वाटलं लाईन गेली. मागे किटली शिट्टी वाजवायला लागलेली ऐकू येत होती, म्हणजे लाईन होती.

मग म्हणाला, "तू कुठल्या बाजूला निजायचीस?"

"खिडकीकडे. मर्लच्या."

"आणि बाळ?"

"माझ्या कुशीत."

"तिचे गाल कसे होते गं?"

मी म्हटलं, "गुलाबी. इतकी गोड दिसायची, मला वाटलं तब्येत सुधारली. तो धूर अंगात गेला की होतात तसे, डॉक्टरबाई म्हणाल्या."

किटली वाजतच होती. त्याला म्हटलं क्लॅरी, तुमची किटली. तो म्हणाला, "हो पोरी. बघतो हं." रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मी थांबले. किटली कुणी उतरवली नाही. ओरडून ओरडून पाणी आटलं असेल, मग नुसतीच फुसफुस आली, मग तीही थांबली. मी दोनतीनदा हाक मारली. मग फोन कापला गेला.

विसरला असेल बिचारा. वय झालंय.

ब्रोडीला सांगितलं तर त्यानं विचारलं, तू त्याला गालांचं सांगितलंस? म्हटलं हो, त्यानंच विचारलं. ब्रोडी उठून बाहेर गेला आणि गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. काय झालं म्हटलं तर सांगेना. नुसतं म्हणाला, म्हातारा घरात एकटाच आहे, त्याच्या शेजारच्यांचा नंबर आहे का तुझ्याकडे?

माझ्याकडे नाही. उद्या परत लावते क्लॅरीला. किटली जळली का तेही विचारायचंय.